आर्मेनियन आणि जॉर्डनी: परदेशात राहणाऱ्यांमध्ये जास्त बरं कुणाचं चाललंय?

धुंडाळ्या

नमस्कार मंडळी, शंका जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. एम.ए.ला डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्सच्या पेपरसाठी दोन देश घेऊन त्यांच्या डायस्पोराची (म्हणजे देशाबाहेर पसरलेल्या लोकांची) तुलना करायचीय, आणि मी हौसेने आर्मेनिया आणि जॉर्डन घेऊन बसलो. वरवर बघितलं तर जुळे भाऊ वाटतात हो. दोन्ही लहान, दोघांच्याही पायाखाली तेल नाही, शेजार असा की बोलायची सोय नाही (आर्मेनियाची तुर्कस्तानची हद्द १९९३ पासून बंद, अझरबैजानचीही बंद, तिकडे जॉर्डनला एकीकडे सीरिया, एकीकडे इराक, एकीकडे इस्रायल) आणि दोघांच्याही घरात बाहेरून येणाऱ्या पैशाशिवाय चूल नीट पेटत नाही. जॉर्डनला रेमिटन्स जीडीपीच्या दहा टक्क्यांच्या आसपास, आर्मेनियाला २०१३ मध्ये तर जवळपास पाचवा हिस्सा होता.

तर मी दोन्ही आकडे शेजारीशेजारी मांडून गाइडकडे गेलो. ते म्हणाले, हे देशाचं झालं, बाहेर राहणारा माणूस स्वतः कसा जगतो ते कुठंय? तिथून पुढे माझी गाडी रुतलीय. आर्मेनियन म्हटलं की लास व्हेगासचे कर्क कर्कोरियन, तेलवाले गुलबेंकियन, मॉडर्नाचे नुबार अफेयान अशी मोठमोठी नावं येतात. जॉर्डनी म्हटलं की आखातात नोकरी करणारा इंजिनियर येतो. माझा अंदाज आर्मेनियन बरेच पुढे असणार. बरोबर आहे का? आणि हे मोजायचं कशाने? तीन दिवस एक्सेल उघडून बसलोय, एकच कॉलम भरलाय आणि तोसुद्धा देशाच्या नावांचा.

खडूसपंत

अब्जाधीशांच्या नावावरून समाजाची ऐपत ठरवायची म्हणजे गावातल्या पाटलाचा वाडा बघून गाव श्रीमंत म्हणण्यासारखं आहे. ते आधी खोडा.

दुसरं, तुम्ही ज्याला दोन्हीकडे डायस्पोरा म्हणताय ती एक वस्तूच नाहीये. आर्मेनियाची लोकसंख्या तीस लाखाच्या आसपास आणि देशाबाहेरचे आर्मेनियन त्याच्या दुपटीहून जास्त. त्यातल्या लाखो लोकांचे आजोबा-पणजोबा आजच्या आर्मेनियातून निघालेच नव्हते, ते ऑटोमन तुर्कस्तानातल्या पूर्व अनातोलियातून, १९१५ च्या नरसंहारातून जीव वाचवून बाहेर पडले. त्यांना परत जायला ते गाव शिल्लकच नाही. त्यांचा आणि येरेवानच्या, म्हणजे आर्मेनियाच्या राजधानीतल्या, सरकारचा संबंध भावनेचा, चर्चचा, भाषेचा; पासपोर्टचा असेलच असं नाही. जॉर्डनचं उलट. बाहेरचा जॉर्डनी म्हणजे बहुतेक वेळा पासपोर्ट खिशात असलेला, नोकरीसाठी गेलेला, आईवडील अम्मान किंवा इर्बिदला असलेला माणूस. एक पिढी, फार तर दोन.

म्हणजे एकीकडे शंभर वर्षांत मुरलेला समाज आणि दुसरीकडे कामावर गेलेली माणसं. दोघांच्या सरासऱ्या शेजारी ठेवून तुम्हाला एक आकडा मिळेलही, पण तो कशाचा ते तुम्हालाच सांगता येणार नाही. तुलना करायचीच असेल तर आर्मेनियातून रशियात कामाला जाणारा माणूस आणि जॉर्डनमधून आखातात जाणारा माणूस, ही जोडी घ्या. ती निदान एका तागडीत बसते.

धुंडाळ्या

@खडूसपंत पाटलाचा वाडा 😄 मान्य. पण मग रशियातले किती धरायचे? रशियाच्या २०१० च्या जनगणनेत ११.८ लाख आर्मेनियन, २०२१ ला साडेनऊ लाखाच्या आत आले, आणि समाजाच्या संघटना सांगतात याच्या दुपटीहून जास्त.

खडूसपंत

जनगणनेत कोण सापडतो? ज्याचं तिथं घर आहे तो. मार्चमध्ये बांधकामावर जाऊन डिसेंबरला बर्फ पडल्यावर परत येणारा गडी त्यात कुठून सापडणार. त्या जाण्याला आर्मेनियात एक खास शब्द आहे, खोपान. मूळ अर्थ पडीक जमीन. सोव्हिएत काळात पडीक जमिनी लागवडीखाली आणायला माणसं जायची, तेव्हापासून 'खोपानला गेलाय' म्हणजे रशियात हंगामी कामाला गेलाय. शिराक, गेघारकुनिक अशा प्रांतांतली कित्येक गावं उन्हाळ्यात बायका, म्हातारे आणि पोरं यांचीच असतात. शिराकमधलं ग्युमरी तर १९८८ च्या भूकंपाने मोडलेलं, कारखाने तेव्हा गेले ते परत आलेच नाहीत. तिथल्या माणसाला डायस्पोरा वगैरे काही नाही, त्याला खोपान आहे.

आता या दोघांत फरक कशाने पडतो ते बघा, तुमच्या पेपरात हे कुणी घातलं नसेल तर घाला. चलन. जॉर्डनचा दिनार १९९५ पासून डॉलरला बांधलाय, एका दिनाराला १.४१ डॉलर. सौदी रियाल डॉलरला बांधलेला, अमिरातीचा दिरहमही बांधलेला. म्हणजे जॉर्डनी माणूस दुबईत कमावतो, अम्मानला पाठवतो, मध्ये एक दमडी झिजत नाही. रशियातला आर्मेनियन कमावतो रुबलमध्ये. २०१४ च्या सुरुवातीला डॉलरला ३३-३५ रुबल होते, वर्षभरात साठीच्या पुढे गेले. तोच पगार, तेच काम, तीच थंडी आणि घरी पोचताना पैसे निम्मे. २०१५ ला आर्मेनियाचा रेमिटन्स धाडकन पडला तो काही लोकांनी पाठवायचं बंद केलं म्हणून नाही.

आणि गंमत म्हणजे दोघांच्याही जमिनीत तेल नाही म्हणालात ना, पण दोघंही तेलावरच जगतात. फक्त दुसऱ्याच्या. २०१४-१५ मध्ये तेल शंभर डॉलरच्या वरून पन्नासच्या खाली आलं तेव्हा आर्मेनियनाला फटका त्याच महिन्यात बसला, रुबलमधून. जॉर्डन्याला तो दोनतीन वर्षांनी बसला, वेगळ्या दाराने. त्याचं आखातात राहणारं कुणी सांगेल तर बरं.

वाळवंटी

बोलावलंत म्हणून लिहितो नाहीतर मी नुसता वाचणारा माणूस. शारजात राहतो, कन्स्ट्रक्शन कन्सल्टन्सीत आहे, आमच्या ऑफिसात अर्धे इंजिनियर जॉर्डनी आहेत, त्यामुळे आकडे नाही पण माणसं रोज बघतो.

माझा शेजारच्या टेबलाचा सहकारी घ्या. पासपोर्ट जॉर्डनचा. जन्म कुवेतचा. जेवताना गाव विचारलं तर सांगतो वेस्ट बँकेतल्या नाबलसजवळचं एक खेडं, जिथं तो जन्मात कधी राहिलेला नाही. आता याला कुठल्या रकान्यात घालणार? जॉर्डनी नागरिकांत मोठा भाग पॅलेस्टिनी मुळाचा आहे आणि आखातात तर फारच, तेव्हा जॉर्डनी डायस्पोरा म्हणून जे मोजाल त्यात पॅलेस्टिनी डायस्पोरा आपोआप येणार. खडूसपंत म्हणतायत जॉर्डनवाल्याला परतायला घर आहे, आहे खरं, पण यांच्यातल्या अनेकांचं ते दुसरं घर आहे, पहिलं गेलंच आहे.

त्याचे वडील कुवेतमध्ये शाळामास्तर, सत्तरच्या दशकात गेलेले, चांगलं चाललं होतं. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा शिरल्या. हे लोक गाडीच्या टपावर गाद्या बांधून बसरा, बगदाद, रुवैशिद करत वाळवंटातून अम्मानला. पोरगा तेव्हा सहा वर्षांचा, त्याला एवढंच आठवतं की वडील दर पेट्रोल पंपावर उतरून टपावरचा दोर ओढून बघायचे. बँकेतले पैसे अडकले, पगाराची थकबाकी गेली, ग्रॅच्युइटी गेली. बऱ्याच वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाकडून काही हजार डॉलर मिळाले, इराकच्या तेलाच्या पैशातून कापून दिलेले. असे तीन लाखाच्या आसपास लोक एका वर्षात जॉर्डनला परतले, पस्तीसेक लाखांच्या देशात! आणि मजा बघा, ज्यांनी कुवेतला वीस वर्षं काढून थोडंफार बाहेर काढलं होतं त्यांनी अम्मानच्या पश्चिम भागात घरं बांधायला घेतली, आणि १९९२ ला जॉर्डनची वाढ दोन आकडी झाली. देशाच्या आकड्यात भरभराट, आणि त्याच आकड्यातला मास्तर बेकार. धुंडाळ्या, तुमचे गाइड म्हणतात ते हेच असावं.

आता २०१४ नंतरचं. तेल पडल्यावर सौदीला पैशाची चणचण लागली आणि जुलै २०१७ पासून त्यांनी परदेशी माणसाच्या कुटुंबावर माणशी कर बसवला. पहिल्या वर्षी महिन्याला शंभर रियाल, मग दरवर्षी शंभर वाढत २०२० ला चारशे. माझ्या या सहकाऱ्याचा धाकटा भाऊ रियाधला, बायको आणि तीन पोरं. २०१९ ला हिशोब आला महिना बाराशे रियाल, नुसतं कुटुंब सोबत ठेवायचे. इकामा (राहण्याचा परवाना) रिन्यू करताना वर्षाचे एकदम भरायचे म्हणजे १४,४०० एकरकमी. त्याने बायकोपोरांना अम्मानला पाठवलं आणि स्वतः चौघांत एक फ्लॅट घेऊन राहिला. पगार तोच, कागदावर तो आजही चांगला कमावणारा अकाउंटंट, आणि रेमिटन्स तर वाढलाच कारण आता तिकडे दुसरं बिऱ्हाड चालवायचंय. वाढलेल्या रेमिटन्सवरून कुणी म्हणेल सुखात आहेत हो जॉर्डनी.

नोकरी गेली की व्हिसा गेला, हे इथं सगळ्यांनाच. वीस वर्षं राहा, पोरं इथं जन्मू देत, नागरिकत्व नाही. अमिरातीने २०१९ पासून दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा काढलाय पण तो मोठ्या पगाराच्या आणि मोठ्या पैशाच्या लोकांना. म्हणून जॉर्डनी माणूस इथं काही घेत नाही, सगळं तिकडे. फ्लॅट अम्मानला, हप्ते तिकडचे. शिवाय तिकडच्या सरकारच्या सोशल सिक्युरिटीत परदेशातून स्वखुशीने वर्गणी भरता येते, माझा सहकारी दर महिन्याला भरतो, म्हणतो साठीनंतर हा देश मला एक दिवस ठेवणार नाही.

टाइप करून बोटं दुखली.

धुंडाळ्या

@वाळवंटी काय लिहिलंय राव तुम्ही. हा बाराशे रियालचा हिशोब पेपरात घेऊ का, नाव न देता?

वाळवंटी

घ्या की. पण कराचे दर स्वतः तपासून घ्या, ते सरकारी आहेत, सापडतील.

फ्रीवे १३४

उशिरा आलो. मी ग्लेंडेलमध्ये राहतो, लॉस एंजेलिसच्या शेजारचं शहर, वस्ती दोन लाखाच्या जरा आत आणि त्यात सुमारे चाळीस टक्के आर्मेनियन. दुकानाच्या पाट्या, डेंटिस्ट, वकील, बॉडी शॉप, बेकरी सगळीकडे तीच लिपी. तेव्हा दुसऱ्या तागडीत थोडं मी टाकतो.

पहिली गोष्ट, इथले आर्मेनियन स्वतःला एक समजत नाहीत, बाहेरच्याला समजतात. इराणहून आलेला पार्स्काहाय, आर्मेनियातून आलेला हायास्तान्त्सी, बैरुतचे वेगळे. आणि खिशाचा फरक नेमका त्याच रेषेवर आहे. १९७९ च्या क्रांतीच्या आगेमागे तेहरानहून आलेले बहुतेक शिकलेले, थोडंफार भांडवल घेऊन आलेले, त्यांनी घरं तेव्हा घेतली जेव्हा इथं घर घेणं माणसाच्या आवाक्यात होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सोव्हिएत आर्मेनियातून आले ते निर्वासित म्हणून आले, दोन सुटकेसा, रशियन आणि आर्मेनियन येते, इंग्रजीची बोंब. चाळिशी ओलांडलेला इंजिनियर इथं येऊन टॅक्सी चालवायला लागला. निर्वासित असल्यामुळे सरकारी मदतीवर त्यांचा हक्क होता आणि बरेच त्यावर राहिले.

आमच्या बिल्डिंगच्या मागे ज्येष्ठांची सबसिडीवाली इमारत आहे. तिथल्या एक आजी रोज सकाळी बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसतात, सरकारी भत्त्यावर राहतात, म्हणजे जनगणनेत दारिद्र्यरेषेच्या आसपास असणार. दर रविवारी त्यांना न्यायला नातू येतो, हृदयरोगतज्ज्ञ, गाडी अशी की मी वळून बघतो. हे दोघं सरकारदरबारी दोन वेगळी कुटुंबं आहेत. एक गरीब, एक गडगंज. सरासरी काढा आता.

बरं इथल्या जॉर्डन्यांचं मोजायचं तर अजून पंचाईत. अमेरिकेत 'तुमचं मूळ कुठलं' या प्रश्नाला अनेक जण पॅलेस्टिनी लिहितात, कुणी नुसतं अरब लिहितात. जॉर्डनी लिहिणारे उरतात ते थोडे. न्यूयॉर्कजवळ यॉंकर्सला जॉर्डनी ख्रिश्चनांची जुनी वस्ती आहे, ते अभिमानाने लिहितात. म्हणजे ज्या नमुन्यावर तुम्ही जॉर्डनी उत्पन्न काढणार तो नमुनाच कोण काय लिहितो त्यावर ठरतो.

आणि एक गोष्ट जी एक्सेलमध्ये येणार नाही. आर्मेनियन लोकांच्या समाजाकडे समाजाचा म्हणून पैसा आहे. चर्च, शाळा, वृद्धाश्रम, शिष्यवृत्त्या. त्यांची एजीबीयू (आर्मेनियन जनरल बेनेव्हलंट युनियन) ही संस्था १९०६ ला कैरोत निघाली, आज जगभर शाखा. नवीन आलेल्या माणसाला पहिला महिना खोली, पहिली नोकरी, पोराला शाळा हे सगळं ओळखीतून होतं, बँकेत त्याच्या नावावर शून्य असलं तरी तो शून्यावर नसतो.

बखरवाचक

चर्चा वाचून राहवलं नाही. सगळे वर्तमानाबद्दल बोलतायत, पण आर्मेनियन माणूस असा हातातल्या कसबावर का जगतो, सोनार का, घड्याळजी का, फोटोग्राफर का, मोची का, याचं उत्तर मागे आहे. जमीन आणि दुकान काढून घेता येतं, हात काढून घेता येत नाही, हे त्यांना एकदा नाही तीनचारदा शिकवलं गेलं.

१९१५ सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर तुर्कस्तानात, इस्तंबूलला जे उरले त्यांच्यावर नोव्हेंबर १९४२ मध्ये वार्लिक वेर्गिसी नावाचा संपत्ती कर आला. कायद्यात धर्माचा उल्लेख नाही, पण आकारणी करताना आर्मेनियन, ग्रीक, ज्यू व्यापाऱ्यांना मुसलमान व्यापाऱ्याच्या कित्येक पट. भरायला पंधरा दिवस, अपील नाही. दुकानं, घरं, घरातले गालिचे लिलावात गेले, ज्यांना जमलं नाही त्यांना पूर्वेला आश्कालेला खडी फोडायला पाठवलं. मार्च १९४४ ला कायदा रद्द झाला, दुकानं काही परत आली नाहीत.

मग इजिप्त. कैरो, अलेक्झांड्रियात छान बस्तान होतं, १९६१ च्या आसपास नासरनी राष्ट्रीयीकरण केलं तेव्हा कारखानदार आणि व्यापारी निघाले, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका. मग लेबनॉनचं यादवी युद्ध, १९७५ ते ९०. मग इराण. मग २०१२ पासून सीरियातलं अलेप्पो. ग्लेंडेलमध्ये आज जो माणूस भेटतो त्याच्या घराण्याने शंभर वर्षांत तीन देश बदललेले असू शकतात, प्रत्येक वेळी पुन्हा शून्यापासून. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, ते इथं अक्षरशः.

आणि अमेरिकेतही आयतं ताट कुणी वाढलं नव्हतं. कॅलिफोर्नियात १९१३ चा कायदा होता, ज्याला नागरिकत्व मिळू शकत नाही त्या परदेशी माणसाला शेतजमीन घेता येणार नाही. नागरिकत्व कुणाला, तर गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना. तेव्हा आर्मेनियन गोरे की आशियाई हा प्रश्न कोर्टात गेला, ऑरेगनमधल्या फेडरल कोर्टात, कार्तोझियान खटला, १९२५. निकाल लागला गोरे. त्या एका निकालावर कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोकडच्या मनुक्याच्या बागा टिकल्या. जपानी शेतकऱ्यांना हेच मिळालं नाही. तरीही फ्रेस्नोच्या चांगल्या वस्त्यांमधल्या घरांच्या कागदावर 'आर्मेनियनांना विकू नये' अशी अट असायचीच. कर्कोरियन फ्रेस्नोत जन्मले १९१७ ला, त्या काळात. बाप शेतात बुडालेला.

अवांतर: याहून जुनी पेठही आहे. इराणच्या शाह अब्बासने १६०४-०५ ला जुल्फा गाव उठवून इस्फहानला नवं जुल्फा वसवलं, तिथले रेशमाचे व्यापारी व्हेनिसपासून सुरत, मद्रास, मनिलापर्यंत. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक, अझ्दारार, निघालं १७९४ ला आणि कुठे, तर मद्रासमध्ये.

खडूसपंत

@बखरवाचक सगळं खरं आहे पण यातून 'संकटातून माणूस श्रीमंत होतो' असा अर्थ निघायला नको. बैरुतच्या बुर्ज हम्मूदला जाऊन बघा. निर्वासितांच्या छावणीतून उभी राहिलेली वस्ती, चामड्याचं काम, बूट, दागिने, शंभर वर्षांचं बस्तान. २०१९ ला लेबनॉनच्या बँकांनी ठेवी अडवल्या, लिरा जो १९९७ पासून डॉलरला १५०७ वर खिळलेला होता तो नव्वद टक्क्यांहून जास्त पडला, वर ४ ऑगस्ट २०२० ला बंदरातला स्फोट, वस्ती बंदराला लागूनच. म्हातारपणासाठी ठेवलेले पैसे डोळ्यादेखत पाणी झाले. ते आर्मेनियनच आहेत आणि तुमच्या सरासरीत ग्लेंडेलच्या हृदयरोगतज्ज्ञाबरोबर बसलेत.

शिवाय खिळलेलं चलन कायम खिळलेलं राहतं असंही नाही. मी वर दिनाराचं कौतुक केलं पण १९८८-८९ ला तोच दिनार निम्म्यावर आला होता. तेल पडलं, आखातातली मदत आटली, बाहेरच्यांचा पैसा आटला, एप्रिल १९८९ ला दरवाढीवरून जॉर्डनमधल्या मआनला दंगे झाले. आज तो उभा आहे तो मध्यवर्ती बँकेच्या गंगाजळीच्या जोरावर, आणि त्या गंगाजळीत वाळवंटींच्या सहकाऱ्याचे हप्ते आहेत.

फ्रीवे १३४

समाजाचा पैसा म्हणालो त्यात एक कडू घोट राहिला, तोही लिहितो. दर थँक्सगिव्हिंगला लॉस एंजेलिसला टेलिथॉन (टीव्हीवरून देणग्या गोळा करायचा कार्यक्रम) होतो, हायास्तान फंडाचा, १९९२ ला निघालेला फंड. पहिली मोठी कामं त्यांनी काय केली, तर आर्मेनियातल्या गोरिसपासून काराबाखच्या (अझरबैजानच्या हद्दीतला, तेव्हा आर्मेनियनांच्या ताब्यातला प्रदेश) स्तेपानाकर्टपर्यंत रस्ता. माझ्या ओळखीच्या एका सोनाराने त्या रस्त्यासाठी पैसे दिलेले, पावती फ्रेम करून दुकानात. काराबाखवरून झालेल्या २०२० च्या युद्धात फंडाकडे १७ कोटी डॉलरच्या आसपास जमले, त्यातले दहा कोटींहून जास्त आर्मेनिया सरकारला देऊन टाकले आणि त्यावरून इथं घराघरात भांडणं. सप्टेंबर २०२३ मध्ये एक लाखाहून जास्त आर्मेनियन काराबाख सोडून गोरिसकडे बाहेर पडले. आता तो रस्ता अझरबैजानकडे आहे. फ्रेम अजून आहे दुकानात, मी मागच्या आठवड्यात गेलो होतो.

धुंडाळ्या

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. एक्सेल पुसून टाकली. आता असं करतोय: देशांची तुलना नाही, चार माणसांची. ग्युमरीहून रशियाला जाणारा, ग्लेंडेलमधला, बुर्ज हम्मूदमधला आणि रियाधमधला जॉर्डनी. प्रत्येकाचं कमावतो कुठल्या चलनात, साठवतो कुठे, उद्या नोकरी गेली तर त्या देशात किती दिवस राहू शकतो, आणि पडला तर उचलायला कोण. 'कोण पुढे' हा कॉलमच काढला. गाइडना मेल केलाय.

एकच राहिलं, २०२२ चं. आर्मेनियाची वाढ त्या वर्षी १२.६ टक्के आहे, आणि मी ते बघून डायस्पोराने पैसा ओतला असं लिहिणार होतो.

खडूसपंत

लिहू नका. युक्रेन युद्धानंतर हजारो रशियन, आयटीवाले वगैरे, स्वतःची खाती घेऊन येरेवानला आले, शिवाय रशियाला जाणारा माल आर्मेनियातून फिरून जायला लागला. पैसा रशियाहूनच आला, पाठवणारा खोपानवाला नव्हता. येरेवानचं भाडं मात्र खोपानवाल्याच्या पोरीला दुप्पट झालं, ती तिथं कॉलेजला असेल तर.

धुंडाळ्या

वाचलो 🙏 @वाळवंटी, तुमच्या सहकाऱ्याच्या भावाचं पुढे काय झालं? बायकोपोरं रियाधला परत आली का?

वाळवंटी

नाही. मोठी मुलगी या वर्षी तौजिहीला आहे, म्हणजे त्यांची बारावी, आता मध्येच कोण हलवणार. भाऊ जुलैत गेला होता गाडीने, जॉर्डनच्या हद्दीवर ओमरीच्या चौकीवर सात तास रांगेत, सगळ्या सौदी नंबरप्लेटच्या गाड्या, टपावर सामान. सहकाऱ्याला त्याने रांगेतून फोटो पाठवला, त्यात पुढच्या गाडीचा माणूस खाली उतरून टपावरचा दोर ओढून बघतोय. सहकारी तो फोटो बघत बसला होता बराच वेळ, मग मला दाखवला.